हाताला क्लच, पायाला स्टार्टर

पिपलानी, भोपाळ
१९ जानेवारी २०१५

चि. अलू,

तुला खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या तिळाच्या वड्या पोचल्या. निम्म्या शेजारी गेल्या, निम्म्या मी संपवल्या. इथे थंडी मरणाची आहे. नागपूरला एवढी नसेल.

अक्षर आईचं बघून घाबरू नकोस. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. (चष्मा त्यांच्या नाकावर आहे. – आई)

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुला मीटिंग असते आणि मी 'बरं बरं' म्हणून ठेवून देतो. मग दिवसभर मनात तेच घोळत राहतं.

मार्चअखेर मी रिटायर. क्वार्टर सोडायचं म्हणून बांधाबांध सुरू केली आहे. या घरात एवढं सामान कधी आलं कोण जाणे. एक खोका भरला की बसून राहावंसं वाटतं. आई म्हणते, तुम्ही बसाच, मी करते. मग मला त्याचाही राग येतो. (येतो. – आई)

आता मुद्द्याचं. महूच्या मेजरसाहेबांकडून घेतलेली आपली डर्ट बाइक मी शेडमधून काढून बरखेड्याला सुभाष मेकॅनिककडे नेली आहे. नव्या फ्लॅटखाली गाडीला जागा आहे, तेव्हा ती आपल्याबरोबर येणार. सुभाषला म्हटलं, सगळी खोलतोच आहेस, तर जरा सोपी करून दे. तो म्हणाला, "अंकलजी, दो काम हो सकते हैं, पर दोनों साथ नहीं. या तो ऑटो क्लच डलवा लो, या बटन स्टार्ट. पुराना इंजन है, दोनों ठूँसूँगा तो मेरे ही गले पड़ेगा."

तुझं मत मला ठाऊक आहे. ऐकताक्षणी तू म्हणालीस, "ऑटो क्लच. तुमचा डावा हात दुखतो ना? मग विषय संपला." तुझं चूक नाही. ऑटो क्लच घातला की डाव्या हाताला कामच उरत नाही. गिअरमध्ये उभे राहिलो तरी इंजिन चालू, आणि ॲक्सिलरेटर पिळला की गाडी आपली आपण उचलते. चढावर मध्येच बंद पडायची भीती नाही. आणि बंदच पडत नसेल तर बटन हवंय कशाला, हाही तुझा मुद्दा मी ऐकला.

पण सकाळी गार इंजिनाला किक मारायची ती मारायचीच. ती कोण मारणार? तुझा उजवा गुडघा मारणार का? मी हे विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मी कुठे चालवणार आहे आता?" आणि फोन ठेवलास.

अगं, कलियासोत धरणाच्या पुढच्या माळावर तू पडलीस त्याला दोन वर्षं होतील. गाडी गुडघ्यावर आली, ऑपरेशन झालं, तू किती सोसलंस ते मी बघितलंय. पण आता तू जिने चढतेस, बसमध्ये उभी राहतेस. गाडीचा विषय निघाला की मात्र लगेच गुडघा पुढे करतेस. मी रागावत नाहीये. सध्या मीच बहाण्यांवर जगतोय, म्हणून मला दुसऱ्याचे ओळखू येतात.

काल माळावर गेलो होतो. (मला टी. टी. नगरला पडद्यांचं कापड बघायला जातो असं सांगितलं होतं. – आई) सुभाषकडे एका गिऱ्हाइकाची गाडी आली होती, ऑटो क्लच घातलेली. ती टेम्पोत टाकून त्याने आणली. म्हणाला, एकदा चालवून बघा, मग ठरवा.

किक त्यानेच मारून दिली. मी बसलो. पहिला गिअर टाकला आणि सवयीने डावी बोटं लिव्हरवर गेली, पण दाबायची गरजच नव्हती. गाडी निघाली. काय सांगू तुला! वळणं घेतली, नाल्याकाठचा तो चढ घेतला, जो तू नेहमी माझ्यापेक्षा झपाट्याने चढायचीस. मधोमध मुद्दाम थांबलो. इंजिन धुगधुगत राहिलं. पुन्हा पिळलं, वर गेलो. दिवाळीपासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, पोरगी म्हणते तेच खरं. हेच घालायचं.

मग पलीकडचा उतार आला. वेग वाढला. मी पुढचा ब्रेक दाबायला गेलो. उजव्या हाताची बोटं लिव्हरवर होती, मला दिसत होती, पण ती वळेनात. ॲक्सिलरेटरही पुरता सुटेना. पायाच्या ब्रेकचं फार उशिरा सुचलं. गाडी घाणेरीच्या झुडपात शिरली आणि मी तिच्याशेजारी आडवा. लागलं काही नाही, नुसते ओरखडे.

(इथे मी पेन खाली ठेवलं होतं. ओरखडे काटेरी तारेचे म्हणून सांगितले होते मला. – आई)

सुभाष धावत आला. "ब्रेक क्यों नहीं मारा, अंकलजी?"

"मारा था," मी म्हटलं. "हाथ ने सुना नहीं."

त्याने मला उठवून टेम्पोत बसवलं, पाणी दिलं आणि गाडीचं वाकलेलं हँडल बघायला गेला. मला एकटं सोडायला गेला असावा.

अलू, माझा डावा हात सांध्यांमुळे दुखत नाही. कंपवात आहे. दिवाळीत डॉक्टरांनी सांगितलं. आईला माहीत आहे. तुला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, म्हणजे मी ठरवलं होतं. उजव्या हाताचं मात्र आईलाही माहीत नाही. म्हणजे नव्हतं, आत्तापर्यंत. पेन धरलं की अक्षर बारीक बारीक होत मुंगीएवढं होतं, मग माझं मलाच लागत नाही. चष्म्याचं खोटं होतं.

म्हणून ऑटो क्लच नको. तो डाव्या हाताचं काम करेल. उजव्याचं कोण करणार? आज सकाळी सुभाषला फोन करून सांगितलं, बटन स्टार्ट बसव.

तू म्हणशील, बाबांनी आता आजारात गुंडाळून गाडी गळ्यात घातली. तसं नाही ग. नको असेल तर विकून टाकू, सुभाषकडे गिऱ्हाईक आहे. पण गुडघ्यामुळे नको असं म्हणू नकोस. नुसतं नको म्हण, मी ऐकून घेईन. काल टेम्पोत बसून मलाही तेच म्हणावं लागलं.

कारखान्यात आमच्या डिपार्टमेंटमध्ये माझ्या निरोपसमारंभाची तयारी चालली आहे. हार घालतील, भाषण करायला लावतील, चहा देतील. मला त्या चहाच्या कपाचीच काळजी लागून राहिली आहे. एवढी वर्षं मोठमोठी टर्बाइनं हलवली आणि आता कपबशी. सकाळी शर्टाची बटणं आई लावते. ती बटणांकडे बघते, मी खिडकीबाहेर बघतो. थकवा कशाचा म्हणशील, तर या बाहेर बघण्याचा जास्त आहे.

बरं, पुरे आता. आईचे डोळे दुखत असतील.

तुझा,
बाबा

अलू, आता मी माझं लिहिते. ते अंगणात उन्हात जाऊन बसलेत. उजव्या हाताचं मला तुझ्याबरोबरच कळलं. खूप भांडावंसं वाटलं. पण ते सांगत होते आणि मध्ये थांबवलं असतं तर पुन्हा बोलले नसते, म्हणून लिहीत राहिले.

लिहून झाल्यावर विचारलं, "अहो, पण तुम्हाला हवी होती ना गाडी?" तर म्हणाले, "शारदा, काल चढापर्यंत मिळाली की."

पत्र आजच स्पीडपोस्टाने टाकते. सव्वीस जानेवारी सोमवारी आहे, शनिवारीच निघून ये. तोवर सुभाष गाडी देईल. तुला बसायचं असेल तर बस, नसेल तर बाबांना तोंडावर तसं सांग, फोनवर नको. डॉक्टरांकडेही आपण तिघं मिळून जाऊ.

आणि एक. इतकी वर्षं रविवारी तुम्ही दोघं हेल्मेट घेऊन निघायचात आणि मी फाटकातून 'सावकाश' म्हणायचे. तो माळ मी एकदाही पाहिलेला नाही. या वेळी कोणी चालवो न चालवो, मी घरी थांबणार नाही. मला घेऊन चला.

फाटकापाशी उभी राहून दमलेली,
तुझी आई