बारा नंबरची पाटी

आंजी (मोठी), जि. वर्धा
ज्येष्ठ पौर्णिमेला नऊ दिवस बाकी

प्रिय धम्मदीप,

सप्रेम जयभीम.

काल आर्वीहून एस.टी.च्या पार्सलनं सामान आलं. पिवळा ऑइलपेंट एक लिटर, तीनशे दहा रुपये. दोन इंची ब्रश एक, पंचेचाळीस. पत्र्याची पाटी एक, वर काळ्या रंगात ‘१२’ काढलेलं, एकशे साठ. पार्सलचे तीस वेगळे. पाटी घरच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फुकटात झाली असती, असं तुझे भाऊजी दोनदा म्हणाले. एरवी हे मी म्हटलं असतं. चहाची पत्ती दोनदा उकळणारी तुझी ताई एका पाटीला एकशे साठ रुपये देते म्हणजे काही तरी कारण असणार, हे तूही ओळखशील. ते कारण सांगायलाच बसले आहे. पत्र लांबेल. गाडी बाजूला लावून वाच, लावायला जागा मिळाली तर.

तुझा नंबर तू बदललास. रायपूरच्या ऑफिसचा हा पत्ता तुझ्याच कंपनीच्या एका ड्रायव्हरनं दिला. तो आमच्याकडे चार नंबरला गाडी लावून अंघोळ करत होता. तू महिन्यातून दोनदा ऑफिसात येतोस, टपाल तिथं ठेवतात, असं म्हणाला. वर हेही म्हणाला की धम्मदीपभाऊ याच रस्त्यानं जातो, पण आंजी जवळ आली का हॉर्नवरचा हात काढून घेतो. पूर्वी शाळेच्या वळणापासून तू हॉर्न द्यायचास, दोन लांब अन् एक आखूड, अन् आई कपडे वाळत घालता घालता हात वर करायची. तुला ती दिसायची नाही, तरी करायची.

आता तुला वाटेल, ताईकडे ट्रक कसे आले. ते तुझ्यामुळंच आले. आईच्या शेवटच्या दिवशी मी तुला फोन केला तेव्हा तू सोळा चाकांची भरलेली गाडी घेऊन इकडेच येत होतास. अन् घरी पोचलास तीन तासांनी, ऑटोनं, घामाघूम. तोवर आई गेली होती. गाडी लावायला जागा सापडली नाही, पार पुढं बावीस किलोमीटरवर लावून आलो, असं तू सांगत होतास. अन् अंगणात सगळ्या बाया बसलेल्या असताना मी म्हणाले, “तुले गाडी लावाले जागा नाई भेटली म्हणते! माय तुयी वाट पाहू पाहू गेली, डोये दाराले लावून.” तू मान खाली घातलीस. माती झाल्याबरोबर निघून गेलास, पुण्यानुमोदनालाही आला नाहीस. त्याला आता तीन वर्षं होतात.

तुझ्या जाण्यानं माझा राग कमी झाला नाही, वाढलाच. जागा नव्हती हे मला खोटंच वाटत होतं. एवढा मोठा रस्ता, अन् एका गाडीला जागा नाही? ते खोटं ठरवायचंच म्हणून मी वही घेऊन निघाले. आर्वी ते वर्धा एस.टी.नं गेले, अर्ध्या तिकिटात, खिडकीजवळ बसून, अन् भरलेला ट्रक उभा राहील अशी एकेक जागा लिहिली. येताना दुसऱ्या बाजूची लिहिली. पुन्हा खात्री करायला दोन दिवसांनी आणखी एकदा गेले. दोन ढाबे निघाले, जेवणार नसाल तर हाकलतात. एक पेट्रोल पंप, त्यावर ‘येथे ट्रक उभे करू नयेत’ असा बोर्ड. बाकी नुसती रस्त्याची कड, तिथं उभं राहिलं की डिझेल चोरीला जातं, नाही तर मागून कोणी येऊन धडकतं. परत येऊन बेरीज केली. दीपू, तू खरं बोलला होतास. बेरीज चुकली की मी लगेच खोडून पुन्हा लिहिते, पण माणसाच्या बाबतीत मला ते लवकर जमत नाही.

तेव्हा मी ठरवलं की आंजीत ट्रकला जागा करायची. मोतीलालजींची कापसाची जिनिंग बंद पडून किती वर्षं झाली, तिचं भिंतीचं आवार तुला आठवत असेल. आमच्या बचत गटानं ते भाड्यानं मागितलं. तानाबाई पहिल्याच बैठकीत म्हणाली, “आपन पापडं लाटाले गट काढला, आता ट्रका लाटाच्या का?” मोतीलालजी म्हणाले, “पौर्णिमाबाई, ड्रायव्हर लोक आत धिंगाना करून राह्यले, तर मी कोणाले धरू?” मी म्हटलं, मले धरा. त्यावर ते हसले, पण आवार दिलं. चुन्यानं रेघा मारल्या तर बारा गाड्यांची जागा निघाली. पाणी, संडास, दिवा अन् फाटकावर आळीपाळीनं आम्ही बाया. एका मुक्कामाचे साठ रुपये.

पण जागा झाली तरी ती रस्त्यावरच्या माणसाला कळणार कशी? ते काम मोतीलालजींच्या नातीनं केलं. आचल म्हणतात तिला, कॉम्प्युटरचं शिकली आहे. फाटकावर तिनं कॅमेरा बसवला. गाडी आत आली की तो मोजतो, बाहेर गेली की वजा करतो, अन् पुढं किती जागा रिकाम्या ते ड्रायव्हरला चाळीस किलोमीटर आधी मोबाइलवर दिसतं. तिथूनच नाव टाकून जागा धरता येते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो अन् आकडा सांगतो. तो आवाज माझा आहे. विहारात शांतता असते म्हणून आचलनं मला तिथं बसवून एक ते बारा आकडे बोलायला लावले, अन् शेवटी, ‘आंजीच्या आवारात आत्ता जागा नाही.’ माझा ‘सात’ तिला पटेना, सहा वेळा बोलले.

आता खरी गोष्ट. कॅमेऱ्याची मोजणी बदलणारं एक बटण माझ्या हातात होतं, ‘राखीव’ म्हणून. बिघडलेली गाडी आली, आजारी ड्रायव्हर आला, तर त्याच्यासाठी. पहिल्याच दिवशी मी बारा नंबर राखीव केला अन् तसाच ठेवला. आचलनं विचारलं, काकू, कोण येणार आहे? म्हटलं, येईल एक गाडी. त्या जागेला पाटीही केली नव्हती. भिंतीलगतची, निंबाच्या सावलीतली जागा ती. रोज सकाळी मी तिथं झाडत होते. बारा हा आकडा मी बोलून ठेवला होता, पण वर्षभरात तो कोणाला एकदाही ऐकू आला नाही. अकरा गाड्या लागल्या की माझा आवाज सांगायचा, जागा नाही. रोज पहाटे वंदनेला बसून मी चौथं शील घेत होते, खोटं न बोलण्याचं. त्याच तोंडानं.

चैत्रात एका दुपारी, ऊन नुसतं ओतत होतं, वणीकडचे बंडूजी नावाचे ड्रायव्हर इकडून चालले होते. पहाटेपासून गाडीवर, डोळे मिटायला लागले होते. त्यांनी मिस्ड कॉल दिला. आत अकरा गाड्या होत्या. आवारापासून सहा किलोमीटर पुढं, नाल्याच्या पुलाजवळ, त्यांनी कडेलाच गाडी लावली अन् चाकाला दगड लावायला खाली उतरले. मागून आलेल्या गाडीनं त्यांना उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. संध्याकाळी तानाबाईनं फाटकावर सांगितलं तेव्हा मी बारा नंबरकडे पाहिलं. तिथं एक कुत्रं झोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. कोण, कुठली ते न सांगता नुसतं विचारलं, कसं वाटते भाऊ? ते म्हणाले, “बाई, तुमचा आवाज ऐकला आहे मी. आंजीच्या आवारात आत्ता जागा नाही. तुमीच ना त्या?” मी तिथंच खाली बसले अन् सगळं सांगितलं. तुझंही सांगितलं. त्यांच्या बायकोनं, शोभाबाईनं, ऐकून घेतलं अन् म्हणाली, “भावासाठी जागा धरली, अन् पाय माह्या मानसाचा मोडला. डबा ठेवा तिथं अन् जा.” तिचं काही चुकलं नाही. मी निघाले तर बंडूजींनी हाक मारली. “अन् मंग, आला का तुमचा भाऊ?” मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, “वर्षभर आला नाई, तर मंग त्या जागेत होतं काय?”

घरी येईस्तोवर तेच डोक्यात होतं. तुझी वाट पाहते असं मला वाटत होतं. पण वाट पाहणारी बाई पत्ता शोधते. तुझा पत्ता देणारा तो ड्रायव्हर तर महिन्यातून एकदा आमच्याच आवारात येत होता, तुझ्या कंपनीचं नाव त्याच्या गाडीवर होतं. मी त्याला विचारलं ते बंडूजी पडल्यावर. जागा धरून ठेवली म्हणजे तुझ्याशी बोलावं लागत नव्हतं, एवढंच.

त्यानंतर सोळा दिवस रोज डबा नेला. चौथ्या दिवशी शोभाबाई म्हणाली, भाजीत मीठ कमी टाकत जा, त्यांना बीपी आहे. ती माझ्याशी बोलते ते एवढंच, पण बोलते. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर उभी राहून मी कबूल केलं. हिशोबाची वही गटापुढं ठेवली, फाटकाची किल्लीही. विहारातल्या वडीलधाऱ्या रामाजी बुवांनी किल्ली उचलून माझ्याच हातात परत दिली अन् म्हणाले, आता ध्यान ठेवजो. तानाबाईनं तेवढ्यातही ऐकवलं, वर्षभर रोजचे साठ रुपये बुडवले, अन् आमच्या पापडाच्या चुऱ्याचा हिशोब मागते ही बाई! सगळे हसले. मी रडत होते, पण मलाही हसू आलं.

आचलला सांगून ते बटण मी माझ्या हातून काढून घेतलं. आता जागा राखीव केली की का केली ते प्रत्येक ड्रायव्हरच्या मोबाइलवर दिसतं, अन् दोन तासांत ती आपोआप सुटते. जागा मागून ज्यांना मिळाली नाही त्यांचीही मोजणी यंत्र ठेवतं. आतापर्यंत असे एकेचाळीस निघाले. म्हणजे बारा नंबर उघडून भागणार नाही. बैलबाजारामागं ई-क्लासची, म्हणजे सरकारी, दीड एकर जमीन पडून आहे, तिच्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. सरपंच म्हणाले, पाहू. मी म्हटलं, पाहायला मीही येत जाईन, रोज दहा वाजता. आज अकरावा दिवस. काल त्यांनी खुर्ची दिली, आज नकाशा काढला. तीस गाड्यांची जागा होईस्तोवर मी ती खुर्ची सोडत नाही.

बारा नंबरच्या रेघांना रंग मी उद्या मारते, अन् पाटी पौर्णिमेला ठोकते. ती जागा आता कोणासाठी राखलेली नाही, तुझ्यासाठीही नाही. पण पाटी ठोकण्याआधी माझं दुसरं खोटं फेडायचं आहे, ते विहारात सांगितलं नाही, कारण ते तुझं आहे. आई वाट पाहून गेली नाही, दीपू. तू त्या दुपारी जागा शोधत गावावरून पुढं गेलास तेव्हा हॉर्न दिला होतास. दोन लांब, एक आखूड. तो मी ऐकला, अन् आईनंही ऐकला. तिनं पांघरुणातून हात वर केला अन् मला म्हणाली, “दीपू आला. चहा मांड. साखर जास्त टाकजो, त्याले गोड लागते.” मी चहा मांडला. तो उकळेस्तोवर ती गेली, दाराकडं बघत नव्हती, डोळे मिटलेले होते. तू आला आहेस असं समजूनच गेली. तू तिच्या वेळेला पोचला होतास. मी मात्र तीन तास एकटी तिच्याजवळ बसले होते, अन् तो राग मी तिच्या नावानं तुझ्यावर काढला. आता सगळ्यांसारखी तुलाही जागा आधीच धरावी लागेल. तारीख कळवलीस तर तुझं नाव मी स्वतः टाकीन, साठ रुपये भरून. मिस्ड कॉल देऊ नकोस, त्यावर फक्त आकडा कळतो. कोणत्या तारखेला येतोस अन् गाडी भरलेली असेल का रिकामी, तेवढं दोन ओळीत उलट टपालानं कळव. चहात साखर किती, ते मला माहीत आहे.

तुझीच ताई,
पौर्णिमा