वाऱ्याचा खांब

१७ जुलै २०२५, गुरुवार

अहवाल लिहून झाला. नातेपुत्याजवळच्या डोंगरावर आमचा वारा मोजायचा खांब आहे. त्याची दोन वर्षांची नोंद अंदाजापेक्षा एकोणीस टक्के कमी. डोंगराला वारा आहे हे कोणीही सांगेल. म्हणजे दोष यंत्रात. निष्कर्ष: वेगमापकांची देखभाल नीट झालेली नाही.

देखभाल नवनाथ करतो. दर महिन्याला खांबावर पन्नास मीटर चढतो. प्रदीप सर म्हणाले, 'सोमवारी सही करून दे, त्याचं कंत्राट थांबवू.' बल्ब बदलायचा असावा तसा सूर.

१८ जुलै, शुक्रवार

नवनाथ सोलापूरला ऑफिसात आला होता. भांडला नाही. 'मॅडम, दर खेपेला यंत्राचे फिरते कप मी सोता पुसलेत. तुमी एकदा वाऱ्याच्या दिवशी वर येऊन बघा की.'

मी म्हटलं, आकडे बघितलेत.

'व्हय. आकडे हितं बसून बी दिसत्यात.'

उद्धट वाटला नाही. तेच खटकलं.

१९ जुलै, शनिवार

उद्या जोराचे वारे, असा अंदाज आहे. जाते. एकटी. आईला ऑफिसचं काम म्हणून सांगितलं. ते खोटं नाही.

२० जुलै, रविवार

पहाटेची एसटी, नातेपुत्यातून रिक्षा, पायथ्याशी पावणेदहा. रिक्षावाला म्हणाला, 'आज वर कोण जातंय का ताई? उडून सोलापूरला जाल.' परतायची वेळ ठरवून घेतली. साडेतीन.

चढ सव्वा तासाचा. वारा पश्चिमेकडून, धक्क्याधक्क्याने. अर्ध्यावर टोपी गेली. दरीवर थोडा वेळ तरंगताना दिसली. मग नाही. पावसाचा थेंब नाही, नुसते ढग धावताहेत.

खांबाशी पोचले आणि वारा मंदावला. आधी वाटलं, पडला. पिशवीतून हातात धरायचं वेगमापक काढलं. दहा मिनिटांची सरासरी: सेकंदाला ४.३ मीटर. पश्चिमेला एक बुटकं टेकाड आहे. दोनशे दहा पावलं. त्याच्या माथ्यावर उभं राहता येईना. गुडघे टेकून मोजलं: १२.६. वही छातीखाली दाबून लिहिलं. पुन्हा खांबाशी: ४.१. म्हणजे वारा पडलेला नव्हता. हाताच्या उंचीवरचा हा फरक पन्नास मीटरवर एवढा राहत नाही. पण एकोणीस टक्क्यांना पुरतो.

माझ्या हातातले कप पुसायला नवनाथ आला नव्हता.

खांबाभोवतीच्या कुंपणाच्या तारेला लागून मेंढ्या बसल्या होत्या. साठेक. त्यांच्यामागे घोंगडं पांघरलेली एक बाई. केराबाई, पायथ्याच्या वस्तीवरची. मघापासून माझी ये-जा बघत होती.

'बस की पोरी. हितं वारं लागत न्हाय. काय शोधतीस?'

वारा मोजतेय म्हटलं.

'मग हितं गं कशाला? सासऱ्याच्या येळेपासनं आमची वाघर हितंच लागती. मेंढरं गारठू नयेत म्हनून.' वाघर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची जाळी. मग खांबाकडे बघून हसली. 'वारं मोजायचा खांब, त्यो बी आडोशाला रवलाय. का, त्याला बी थंडी वाजती?'

मी हसले नाही. भाकरी आणि शेंगांची चटणी निम्मी तिला दिली.

'चटणी लई कोरडी हाय,' म्हणाली, आणि सगळी संपवली.

ही जागा मी निवडली होती. मे २०२३. वारा पडलेला होता. जमीन सपाट, तुडवलेली, झुडूप नाही. खांबाला इतकी सोयीची जागा डोंगरावर दुसरी नव्हती. झुडूप का नाही, हा प्रश्न मला पडला नाही. कोणाला विचारलंही नाही.

उतरताना दोनदा बसावं लागलं. साडेतीनऐवजी पावणेपाच. उजवा तळवा खरचटलाय.

२१ जुलै, सोमवार

निष्कर्ष बदलला: यंत्रं बरोबर, जागा चूक. सही केली. प्रदीप सरांनी शेवटचं पान वाचलं. मग म्हणाले, 'जागा कोणी ठरवली होती?' मी म्हटलं, मी. ते म्हणाले, लेखी दे.

तारखेसाठी पाहणीची जुनी वही काढली. ९ मे २०२३. अक्षर माझंच:

'जागा सपाट, मोकळी. खांबासाठी योग्य. खड्डे खणणारा नवनाथ सांगतो, इथे वारा लागत नाही म्हणून मेंढ्या बसवतात. — कुंपण घालून घ्यावे.'