डिस्पॅचचं घड्याळ

चाकण,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय महेक,

सलाम आणि घट्ट मिठी. चाचा-चाची बरे असतील. आमच्याकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, पण तिचं तोंड जोरात चालू आहे.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडू नकोस हं! आधी वाच. अगं महेक, सापडलं! डिस्पॅचच्या कॉम्प्युटरांना ती सुरक्षेची पॉलिसी का लागत नव्हती ते सापडलं! आणि तुझं काहीच चुकलेलं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही! तू सर्व्हरवर लावलेला नियम मी जसाच्या तसा ठेवला होता, आणि तोच आता लागलाय.

तू नोकरी सोडून गेल्यावर ते भूत माझ्या मानगुटीवर बसलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर शहाण्यासारखे आपोआप लॉक होतात, पेन ड्राइव्ह घेत नाहीत, आणि डिस्पॅचचे मात्र ढिम्म. तू केलं होतंस तेच सगळं मी पण केलं. कॉम्प्युटर बरोबर ग्रुपमध्ये आहेत का बघितलं, केबल बदलली, रीस्टार्ट करून करून बोटं दुखली. काही नाही! रणजीत सर येता-जाता बघायचे, तुझ्याकडे बघायचे ना, तसेच.

परवा वैतागून खुर्ची घेऊन डिस्पॅचमध्येच जाऊन बसले. तेवढ्यात इंदुताई पॅकिंगवरून उठल्या, "चला गं, बस निघंल." सगळ्यांनी डबे उचलले. मी मोबाइल बघितला, तर शिफ्ट सुटायला अजून वेळ! भिंतीवरचं घड्याळ पुढे. स्क्रीनच्या कोपऱ्यातलंही पुढे. तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं, चक्क दहा मिनिटं!

पेटली ना तुझी ट्यूब? सर्व्हरच्या आणि कॉम्प्युटरच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की सर्व्हर त्याला ओळखच देत नाही. मग नियम कुठून घेणार तो? जुन्या पासवर्डवर लॉगिन होत राहतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मी घड्याळ जागेवर आणलं, कमांड मारली, रीस्टार्ट केलं, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. स्क्रीन आपोआप लॉक झाली! मी अशी किंचाळले की फोर्कलिफ्टवाल्या अन्वरने ब्रेकच मारला. "मॅडम, साप निघाला का?" म्हणे.

कुणीतरी घड्याळं मुद्दाम पुढे केली होती. आपोआप वेळ घेण्याचं सेटिंगही बंद केलेलं. त्या जुन्या पॅकिंग सॉफ्टवेअरसाठी तिथे सगळ्यांना सगळे अधिकार दिलेले, तुला आठवत असेलच.

बाकी इकडे थंडी पडायला लागलीय. कांद्याच्या गाड्यांनी हायवे जाम असतो. आई विचारत होती, महेक मटकीची उसळ खायला कधी येणार.

किती फिरवून बोलतेय ना मी? लिहिते आता. घड्याळं बाबांनी पुढे केली होती. माझ्या बाबांनी, तुझ्या चिमाजीकाकांनी.

मागे इंदुताईंची कंपनीची बस चुकली होती, अंधारात हायवेच्या कडेने चालत गेल्या होत्या. तेव्हापासून डिस्पॅचचा सुपरवायझर म्हणून बाबांनी ठरवलं, आपल्या माणसांची घड्याळं पुढेच राहणार. आमच्या घरातलं घड्याळ नाही का पुढे असतं, तसंच. ऑडिटला आलेल्या पाहुण्यांसमोर सरांनी "साधी पॉलिसी लावता येत नाही?" म्हणून तुला झाडलं, तू राजीनामा दिलास, तेव्हा बाबाच सगळ्यात जास्त हळहळले होते गं. त्यांना काय ठाऊक!

मी जेवताना हसत हसत घड्याळाची गंमत सांगत होते. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हंजी ती पोरगी माझ्यापायी गेली?" मार्चमध्ये ते रिटायर होतायत. मी म्हटलं, बाबा, मी नुसतं घड्याळ चुकलं होतं एवढंच सांगते, नाव कशाला? तर म्हणाले, "न्हाई. तिचं नाव समद्यांम्होरं गेलं, तवा कुणी लपिवलं व्हतं?"

काल सकाळी माझ्याआधी तेच सरांच्या केबिनमध्ये होते. मेमो घेऊन बाहेर आले, उभ्या नोकरीतला पहिला. मला रडू फुटलं, आणि त्यांचा राग आला, आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. सगळं एकदमच! सरांनी ऑडिटवाल्यांना मेल पाठवला: सेटिंग बरोबर होतं, महेकची चूक नव्हती. मी स्वतः वाचला. सर म्हणाले, तिला परत बोलाव. यायचं की नाही ते तू ठरव, मी गळ घालणार नाही. पण अब्बांच्या दुकानात खिळे मोजत बसून 'मला कॉम्प्युटर जमत नाही' असं मनात धरून बसू नकोस, बाई!

रविवारी बाबा जुन्नरला तुमच्या घरी येतायत. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाले. "तिच्या अब्बांम्होरं सांगायचं हाय, पोरीची चूक न्हवती. ते माझं मलाच सांगू दे." तुला त्यांच्यावर ओरडायचं असेल तर खुशाल ओरड, ते ऐकून घेतील. दारातून परत पाठवलंस, तरी मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही.

तुझीच, आणि त्यांचीही,
दिपाली