अक्कानं उसवलेला अँप्लिफायर

नाशिकरोड,
१८ एप्रिल २०२५

चि. भारत यास,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

फोनवर तू बजावलंस की ते आगीचं खेळणं घराबाहेर जाईपर्यंत अक्काशी बोलणार नाही. बरं, नको बोलू. लिहायला तू बंदी घातलेली नाहीस, म्हणून लिहिते.

जयंतीच्या दिवशी आमच्या विहारातला जुना अँप्लिफायर जळाला. तसंही त्यातून वंदना कमी आणि खरखर जास्त ऐकू यायची. बैठकीत अध्यक्ष कोंडाजी पगारे म्हणाले की बुद्धपौर्णिमेला भाड्यानं आणू. मी उभी राहिले आणि सांगितलं की मी बनवते. माणसं हसली. बायकाही हसल्या, ते जास्त लागलं. एकतीस वर्षं शिवणवर्ग चालवला, तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

तर किट आलंय. एक रिकामा डबा, भाग जोडायची सर्किटची पाटी, पिशवीभर सुटे भाग आणि माहितीचा कागद. दोन स्पीकरचा, स्वच्छ आवाजाचा अँप्लिफायर होतो म्हणे. अप्पांनी रेडिओच्या दुकानात तुझ्या हाती सोल्डरिंग आयर्न दिलं आणि माझ्या हाती सुई. सुईबद्दल तक्रार नाही. पण साठाव्या वर्षी दुसरं हत्यार धरायला मी कुणाची परवानगी मागणार नाही, तुझीही नाही.

संजनाला विचारल्याचं सांग. राग धर हवा तेवढा, माया मात्र कमी करू नकोस.

तुझी अक्का,
छाया


पिंपळगाव बसवंत,
२२ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. संजनानं दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझीच बाजू घेतली. बायको माझी आहे, पण मत तुला देते.

अक्का, ब्लाउज बिघडला तर गिऱ्हाईक कुरकुरतं. इथं दोनशे तीस व्होल्ट आहेत, ते कुरकुरत नाहीत. अप्पांचं दुकान मी तीस वर्षं चालवतोय, हात किती वेळा भाजले त्याची गणती नाही. नवशिक्याचा पहिला अँप्लिफायर वाजत नसतो. माझाही वाजला नव्हता. मी तो दुकानाच्या आतल्या खोलीत जाळला, तू भरल्या विहारात जाळशील. मग कोंडाजी पुढची दहा वर्षं सांगत सुटतील की बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं की असं होतं. तुला कुणी हसलेलं मला खपत नाही.

हट्ट सोड. सुटत नसेल तर निदान करंट देताना सिरीजमध्ये बल्ब लाव. तो भगभगून पेटला तर आत काहीतरी चुकलंय असं समज आणि लगेच बंद कर.

अजून रागावलेला,
भारत


नाशिकरोड,
२८ एप्रिल २०२५

चि. भारत यास,
अ. आ. व जयभीम.

बल्ब लावला होता. भगभगून पेटला. हस आता.

दोन दिवस मी चूक शोधत होते. प्रत्येक टाका भिंगाखाली पाहिला, सगळे सुबक. मग लक्षात आलं. पाटीच्या एका बाजूला पांढऱ्या रेषांनी प्रत्येक भागाची जागा आखलेली आहे. आता मला सांग, शिवणात खडूच्या खुणा कुठं असतात? कापडाच्या उलट्या बाजूला. खुणा आत, सुलट बाजू बाहेर. मुलींना हेच ओरडून ओरडून शिकवण्यात माझा जन्म गेला. म्हणून मी रेषा आत ठेवल्या आणि सगळे भाग मागच्या बाजूनं बसवले. दोन्ही चिपा आरशात दिसाव्यात तशा उलट्या बसल्या आणि जळाल्या.

शेजारची चैताली माझ्याच वर्गात शिकलेली. ती म्हणाली की बाई, फेका हे आणि तयार घ्या. मी तिला विचारलं की तिचा पहिला ब्लाउज मी तिला फेकू दिला होता का. 

आता सगळं उसवते आहे. टोक तापवायचं, कथील वितळलं की ओढून घ्यायचं, भाग सोडवायचा. शिवणं कुणालाही येतं, भारत. उसवायला बसायची ताकद लागते, आणि ती माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त आहे. नव्या चिपा मागवल्या आहेत. एक बोट भाजलं, फार नाही.

तुझ्या बल्बानं घर वाचलं, हे कबूल करते. एवढ्यावरच खूश राहा.

तुझी,
अक्का


पिंपळगाव बसवंत,
४ मे २०२५

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

तुझी चूक वाचून मी हसलो आणि मग हसू आलं याचं वाईट वाटलं. अशी चूक माझ्या दुकानात आजवर कुणी केलेली नाही.

कांद्याच्या टेम्पोबरोबर एक खोकं पाठवतोय. त्यात मी स्वतः बनवलेला अँप्लिफायर आहे, तपासलेला. तुझ्या किटच्या डब्यात बरोबर बसेल, चार स्क्रू फक्त. वरून डबा तुझाच दिसेल. मी कुणाला बोलणार नाही, संजनालाही सांगितलेलं नाही. तू कोंडाजींसमोर ताठ मानेनं बसावंस, एवढंच मला पाहिजे. आढेवेढे घेऊ नकोस.

तुझ्या काळजीत,
भारत


नाशिकरोड,
७ मे २०२५

चि. भारत यास,
अ. आ. व जयभीम.

खोकं त्याच टेम्पोनं परत पाठवलं आहे. उघडलं नाही.

तुझी माया मला कळली आणि तिचा रागही आला. तुझं मशीन माझ्या डब्यात वाजलं असतं, टाळ्या मला मिळाल्या असत्या आणि मी त्या टाळ्यांत मान खाली घालून बसले असते. ताठ मान अशी मिळत नसते. मला हसतील म्हणून तू घाबरतोस. मी घाबरत नाही. फसलं तर माझं फसेल, सगळ्यांसमोर फसेल, आणि मी पुन्हा उसवायला बसेन.

सध्या एकाच स्पीकरची बाजू वाजते, दुसरी मुकी आहे. एका बाजूवर कार्यक्रम करणार. तीही गेली तर वंदना घशानं म्हणू, घसा कुणाकडून भाड्यानं आणावा लागत नाही.

बारा तारखेला सकाळी नऊला ये. बोलू नकोस हवं तर. आलास तर मला बरं वाटेल, हे खरं सांगते.

तुझी हट्टी,
अक्का


पिंपळगाव बसवंत,
१४ मे २०२५

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

मी आलो होतो हे तू पाहिलंस. शेवटच्या रांगेत होतो. तुझ्याभोवती गर्दी होती, बोलायचं होतं ते राहिलं आणि तसाच निघालो. ते आता लिहितो.

त्रिसरण सुरू झालं आणि शब्द न् शब्द कळला. एकाच स्पीकरमधून, पण खरखर नाही, घरघर नाही. मी कान देऊन खोट शोधत होतो, खोटं कशाला बोलू. मग पंचशीलाच्या मध्यावर आवाज गेला. कोंडाजी उठले. माझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता, मीही उठलो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हातानंच बसायला सांगितलंस.

अक्का, गिऱ्हाइकासमोर मी आजवर एकही डबा उघडलेला नाही. आतल्या खोलीत नेतो, पडदा ओढतो, कारण चुकताना कुणी पाहू नये. तू प्लग काढलास, पिशवीतून आयर्न काढलं आणि शंभर माणसांसमोर डबा उघडून बसलीस. सुटलेली तार शोधलीस, टाका घातलास. दहा मिनिटं लागली असतील. एकही माणूस उठून गेला नाही. पंचशील जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

माझ्या शेजारी सुलाबाई नावाच्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांनी विचारलं की मी कोण. मी म्हटलं की छायाबाईंचा भाऊ, रेडिओ मिस्त्री. त्या म्हणाल्या की तरीच, तुम्हीच शिकवलं असणार बहिणीला. हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

मी नाही म्हणालो. मी त्यांना सांगितलं की मी तिला अडवत होतो.

उद्या संध्याकाळी फोन करतो. उचलशील ना?

तुझा धाकटा,
भारत