संत्र्याएवढा शनी

दादा,

तुझं आपलं अजून तेच! परवा मी फोन केला, वहिनीनं तो तुझ्यापुढे धरला, तर लांबूनच ओरडलास, "शनी लागलाय त्याच्या मागे, तिथंही टिकायचा नाही." फोन मात्र हातात घेतला नाहीस. मी घर सोडल्यापासून एक शब्द बोलला नाहीस माझ्याशी.

अरे, शनी माझ्या मागे नाही, मीच शनीच्या मागे आहे. शाळांसाठी ग्रहमाला बनवतात त्या कारखान्यात मी रंगकाम करतो. शनी आणि त्याची कडी माझ्याकडे. नखांतला पिवळा रंग जेवतानाही निघत नाही.

काल मिस्त्रींना विचारलं, "सगळे ग्रह तारेवर असे वीतवीतभर अंतरावरच असतात का हो?"

ते हसले. "वेड्या, हा संत्र्याएवढा शनी खऱ्या मापानं टांगायचा, तर सूर्यापासून किलोमीटरभर लांब न्यावा लागेल. कुठल्या वर्गात मावेल?"

"आणि मधे काय?"

"पाच ग्रह. बाकी सगळं मोकळं."

"मग तो निघून का जात नाही?"

"सूर्य धरून ठेवतो ना त्याला, एवढ्या लांबूनही."

मी ब्रश धुवायला उठलो.

खोलीत आम्ही सहाजण झोपतो. पण "दिवा बंद कर की रे, गाढवा" असं तुझ्यासारखं कुणी म्हणत नाही. पुढच्या वेळी फोनवर नुसतं "हं" म्हण. मला तेवढं पुरे.

तुझा,
धाकटा

ता. क. आधीच्या पत्रांसारखं हेही बहुतेक उशीखालीच राहील. पैसे तेवढे वहिनीच्या नावावर पाठवतोय. चार हजार.