नको म्हणायचे धडे

३ सप्टेंबर, सकाळी ११

मी मेथी निवडत होते. कुकर गॅसवर, चादरी मशीनमध्ये. हे पिशवी घेऊन शांती नगरच्या डेअरीत दुधाला निघाले. ऊन आहे, जाऊ नका, म्हटलं. अडतीस वर्षांत ह्यांनी माझं एकही 'नको' ऐकलं नव्हतं, तेही ऐकलं नाही. डेअरीसमोरच कोसळले. दीड वर्ष झालं. दूध आता घरपोच येतं.

हे पुन्हा लिहायचं नाही. आजपासून स्पॅनिश. नीरज दिवाळीत व्हॅलेन्सियाहून येतोय. त्याची गिरिजा चार वर्षांची, मराठी येत नाही. नातीने आजीचं ऐकायला हवं. रद्दीवाल्याकडून आणलेल्या पुस्तकातून रोज दहा क्रियापदं.

५ सप्टेंबर

नियम सोपा आहे. क्रियापदाच्या शेवटी 'आर' असेल तर 'नको' म्हणताना 'एस' लावायचं. 'एर' किंवा 'इर' असेल तर 'आस'. उडी मारू नको : नो साल्तेस. धावू नको : नो कोर्रास. वर चढू नको : नो सुबास. महिन्यात पुस्तक संपेल.

१४ सप्टेंबर

अजून तीनच. पाया पक्का होतोय.

ह्यांच्या फोटोसमोर मोठ्याने सराव केला. शेजारच्या भूमिकाबेन दारात येऊन म्हणाल्या, "आंटी, किसको डाँट रहे हो?" टीव्ही आहे, म्हटलं. टीव्ही जूनपासून बंद आहे.

डोळ्यांतून पाणी येतं. पुस्तकातली अक्षरं फार बारीक.

२ ऑक्टोबर

नीरज म्हणाला, तिकिटं बघतो. म्हणजे नक्की. गॅलरीला जाळी बसवून घेतली.

११ ऑक्टोबर

नीरजला रजा नाही. उन्हाळ्यात बघू म्हणाला. बरंच झालं, तोवर पुस्तक पुरं होईल. अक्षरं आज जास्तच बारीक.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. गिरिजा सोफ्यावर उड्या मारत होती. दीड महिना घोकलेलं एक वाक्य म्हणायचं होतं. आधी चष्मा काढून पुसला. ती आपणहून थांबली, फोनजवळ आली.

"नो योरेस, आजी."

योरार म्हणजे रडणे. पुस्तकात दिसलं होतं. आपल्या घरात लागणार नाही म्हणून सोडून दिलं होतं. तरी लगेच कळलं. अक्षरं बारीक आहेत, हे स्पॅनिशमध्ये सांगता आलं नाही.

२३ ऑक्टोबर

काल पाडवा. सकाळी पिशवी घेतली, शांती नगरच्या डेअरीत गेले आणि अर्धा लिटर दूध आणलं.