पेठहून आणलेली ओटी

सोमवार, २ फेब्रुवारी १९९८. नाशिक.

ओटी टेबलावरच पडली आहे. हिरवा खण, नारळ, मूठभर तांदूळ. उचलवत नाही.

गोवर पुढे कोणत्या पाड्यावर जाईल हे माझं गणित सांगतं, मग आम्ही जीपने तिथे सावध करायला जातो. पेठ तालुक्यात गणित एकदाही चुकलं नाही. मेडिकल कॉलेजात कौतुक झालं माझं.

आज नव्या पाड्यावर पोचलो तर पोरं घरात कोंडलेली, बायका शिवेवर उभ्या. एका म्हातारीने मला कुंकू लावलं, ओटी भरली. मी खूश! विचारलं, "आजी, हे कशाला?"

"देवीला अशीच वाटं लावतो. तुमी येता, मागून गोवर येतो. आता पल्याड जा, बाय. फिरून येऊ नका."

सगळ्यांनी हात जोडले होते. माझ्याकडे मात्र एकीनेही पाहिलं नाही.

ड्रायव्हर हसला. मीही हसले... हसले का?

घरी येऊन गणित पुन्हा मांडलं. त्यात आठवडेबाजार होता, एसटी होती, लग्नं होती. आमची जीप नव्हती. उन्हातून चालणाऱ्या लेकुरवाळ्यांना आम्ही बसवून घेतो, पुढच्या पाड्यावर सोडतो. नाही कसं म्हणायचं?

बाकी सगळं काढलं, नुसती जीप ठेवली. पाडे त्याच क्रमाने आले.

खण फार हिरवा आहे.

आज परततानाही वाटेत एकीला घेतलं. सिन्नरला कामावर निघाली होती. बाळ तापलं होतं, माझ्याच मांडीवर झोपलं. त्यांना आम्ही इथे नाशिकला, सीबीएस स्टँडच्या गर्दीत सोडलं.